दुसरं वचन

सोलापुरात दुसऱ्या कुणाकडे नाहीत अशा दोन गोष्टी आपल्याकडे आहेत, असं शांतवन उजागरे यांचं पक्कं मत होतं. एक म्हणजे आवाज, आणि दुसरी म्हणजे दुसरं वचन.

आवाजाचं अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं. एसटी स्टँडवरच्या नियंत्रकाच्या खोलीत बसून त्यांनी उभी नोकरी माईकवर काढली. 'मंगळवेढ्याला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे' एवढंच ते म्हणत, पण असं म्हणत की अक्कलकोटला निघालेल्या माणसालाही वाटावं, एकदा मंगळवेढ्याला जाऊन यावं. निवृत्तीनंतर तो आवाज चर्चच्या वाट्याला आला. चर्चमध्येही तो पुरता उघडे वर्षातून एकदाच, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला.

त्या दिवशी भर दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावर खिळलेल्या येशूच्या तोंडून मरता मरता सात वाक्यं निघाली. त्यांना सात वचनं म्हणायचं. मंडळीतले सात जण एकेक वचन घेऊन त्यावर बोलतात, मध्ये गाणं, मध्ये प्रार्थना. पहिलं वचन क्षमेचं. बापा, यांना क्षमा कर, आपण काय करतोय हे यांना कळत नाही. दुसरं वचन चोराचं. येशूच्या दोन्ही अंगांना दोन चोर खिळले होते. एकाने टोमणे मारले. दुसरा म्हणाला, मला विसरू नका. आणि येशू त्याला म्हणाला, आजच्या आज तू माझ्यासोबत सुखलोकात असशील. बाकी सहा वचनांचे मानकरी दरवर्षी बदलत. दुसरं मात्र शांतवनमामांचं. पाळक आले, बदलून गेले, चर्चचे पंखे बदलले, पण दुसरं वचन कुणी हलवलं नव्हतं.

मामा ते रंगवायचेही तसेच. चोराची म्हातारी आई, चोराचं उपाशी बालपण, शेवटी चोराने हात जोडले ते. यातलं शास्त्रात किती आणि मामांच्या पदरचं किती, हे कुणी विचारत नसे. मामा 'आजच्या आज' म्हणाले की बायकांचे पदर डोळ्यांकडे जात. मामा पदर मोजत नसत, पण कोणत्या बाकावर अजून कोरडं आहे ते त्यांना बरोबर दिसे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कल्लप्पा आला.

कल्लप्पा अक्कलकोटकडचा. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलणारा, आणि धंद्याने पाकीटमार. धंद्याची जागा कोणती, तर तेच एसटी स्टँड. मामा खोलीत बसून गाड्या पुकारत, आणि हा खाली गर्दीत हात चालवी. एकदा सात रस्त्याच्या चौकात लोकांच्या तावडीत सापडला. लोकांनी असा तुडवला की पोलीस येईतो पकडण्याजोगं काही उरलं नव्हतं. मिशनच्या दवाखान्यात तो बरेच दिवस पडून होता. तिथे नवे पाळकसाहेब रोज त्याच्या खाटेशी जाऊन बसत. पुढे काय झालं ते दोघांनाच माहीत. पण बरा झाल्यावर कल्लप्पा बायकोला, दानम्माला घेऊन चर्चला येऊ लागला, आणि पुढच्या वर्षी त्याचा बाप्तिस्मा झाला. दानम्मा कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी करी. तो त्याच स्टँडबाहेर गाडा लावून विकी. हात पहिल्यासारखेच चपळ. आता ते भाकरी कागदात गुंडाळत, एवढाच फरक.

बाप्तिस्म्याच्या दिवशी मामांनीच पुढे होऊन त्याला मंडळीच्या रीतीने सलाम केला. हरवलेलं मेंढरू सापडलं की आनंद करायचा असतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी आनंद केला. मेंढराने आता मागच्या बाकावर बसावं आणि गुमान चरावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

मंडळीपुढे उभं राहून आपला अनुभव सांगायचा, त्याला साक्ष म्हणतात. मेंढराने पहिल्याच साक्षीच्या दिवशी तोंड उघडलं.

"मी स्टँडवर लई वर्सं पाकिटं मारली," कल्लप्पा माईकसमोर उभा राहून म्हणाला. "मला बरकत कुनामुळं आली, सांगू का? ह्या मामांमुळं. मामा माईकवर म्हनायचे, 'प्रवाशांनी आपापली पाकिटं सांभाळावीत.' आसं म्हनले की समदी मान्सं हात लावून बगायची, पाकीट हाय का न्हाय. मला कळायचं की, कुनाचं कुटं हाय ते!"

चर्च हसून लोटपोट झालं. पाळकसाहेबांनी रुमाल तोंडात धरला. केराबाई, जिला हसताना गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं, ती बाकावर हात आपटत राहिली. मामाही हसले, दात दिसण्यापुरते. उभ्या नोकरीत त्यांनी लोकांना सावध केलं होतं, आणि आज कळत होतं की ते चोराला पत्ता सांगत होते. तेही कळलं कुणाकडून, तर चोराकडून. वर त्यालाच टाळ्या.

त्या दिवसापासून मामांना कल्लप्पाचा हेवा वाटू लागला. उगाच त्याला दुसरं नाव द्यायला नको, हेवाच होता. कल्लप्पा आला की पोरं त्याच्याभोवती जमत. म्हाताऱ्या बायका त्याला 'कल्लप्पा, बाळा' म्हणत. प्रार्थनेत तो दोन वाक्यं बोले, तीही धेडगुजरी, पण लोक 'आमेन' असं म्हणत की खिडक्या हलाव्यात. मामांच्या लांबलचक प्रार्थनेला मिळणारं आमेन हल्ली सुटकेचं वाटू लागलं होतं.

मामांना राग कल्लप्पाचा होता तसा देवाचाही होता, फक्त तो बोलून दाखवायची सोय नव्हती. आपण जन्मापासून या घरातले. आजोबांपासून याच चर्चमध्ये. बिडी ओढली नाही, थेंब घेतला नाही, रविवार चुकवला नाही, ड्यूटी असली तर बदली माणूस दिला पण रविवार पाळला. आणि हा! जन्मभर लोकांचे खिसे कापून शेवटच्या गाडीला लोंबकळत चढला, आणि याला खिडकीची जागा! हा कुठला न्याय? आता हाच न्याय शांतवनमामा दर उत्तम शुक्रवारी गहिवरून सांगत आले होते, ही गोष्ट वेगळी. सांगायचा न्याय निराळा आणि शेजारच्या बाकावर येऊन बसलेला न्याय निराळा.

उत्तम शुक्रवारच्या अलीकडचा रविवार झावळ्यांचा. यंदा त्याच्या आधीच्या उपासनेत पाळकसाहेबांनी वचनं वाटली. पाळकसाहेब तरुण, उत्साही, आणि माणसांच्या मानपानाच्या बाबतीत ठार अडाणी.

"पहिलं वचन शांतवनमामा," ते म्हणाले. "दुसरं वचन कल्लप्पा."

पुढे तिसरं कुणाला, चौथं कुणाला, तहानेचं पाचवं केराबाईला, हे मामांनी ऐकलंच नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात तहानेवर नळावर भांडणारी केराबाईच बोलणार, असं म्हणून कुणीतरी हसलं, तेही त्यांना दुरून ऐकू आलं. त्यांच्या मांडीवर दोन्ही हात होते आणि ते कुणी दुसऱ्याचे असावेत तसे मामा त्यांच्याकडे बघत होते.

बाहेर पाळकसाहेबांनी त्यांना गाठलं. "मामा, सुरुवातीला तुमच्यासारखा अनुभवी माणूस हवा. आणि म्हटलं, यंदा चोराचं वचन..."

"चोरालाच द्यावं," मामांनी वाक्य पुरं केलं.

पाळकसाहेब खळखळून हसले. त्यांना तो विनोद वाटला.

घरी गेल्यावर रूथबाईंनी जेवायला वाढलं. रूथबाई मामांची बायको. मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे दुखणं कुठलं आणि सोंग कुठलं हे त्यांना ताट वाढतानाच कळे.

"पहिलं तर पहिलं," त्या म्हणाल्या. "पहिल्याचा मान मोठाच की."

"पहिल्याला लोक अजून चपला काढत असतात. कुणी पंख्याखालची जागा शोधत असतं. पहिलं वचन म्हणजे गाडी लागायच्या आधीची घोषणा."

"अहो, पण तुम्हाला तर तो चोर केवढा आवडायचा. दरवर्षी रडायचात त्याच्यासाठी. आता खराखुरा आलाय तर एवढं तोंड का वाकडं?"

"तो चोर वेगळा."

"वेगळा कसा?"

"तो मेला होता," मामा बोलून गेले.

रूथबाईंचा हात भाताच्या पातेल्यात थांबला. मामा घाईने म्हणाले, "म्हणजे, लगेच मेला असं म्हणायचंय मला. पुढे गाडा लावून स्टँडबाहेर बसला नाही." मग त्यांनाच ते कसंतरी वाटलं आणि त्यांनी आमटीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. मीठ बरोबर होतं.

झावळ्यांचा रविवार गेला, आणि त्याच आठवड्यात एका टळटळीत दुपारी कल्लप्पा घरी आला. हातात कडक भाकऱ्यांचा पुडा. आत यायला लाजत होता.

"मामा, मला शिकवा की," तो म्हणाला. "तुमी एवढी वर्सं त्या वचनावर बोललाव. मला कुटं काय येतंय? पाळकसायबांनी गळ्यात घातलंया. तुमी सांगाल तसं बोलतो."

मामांच्या मनात आलं, बघू तरी याच्याकडे काय आहे ते. काहीच नसणार, ही खात्री होती, आणि ते काहीच नसलेलं डोळ्यांनी बघायची हौस होती.

"आधी तू बोलून दाखव," ते खुर्चीत रेलून म्हणाले. "मग मी दुरुस्त करतो."

कल्लप्पा उठून दाराशी उभा राहिला. स्वयंपाकघरात रूथबाईंची भांडी वाजत होती. त्याने घसा साफ केला.

"त्यो चोर हुता. मी बी चोर. चोरापाशी काय आसतंय? हात. हातावरच त्याचं पोट. आन् हितं त्याचे हातच खिळून टाकल्यात. आता त्याला चोरल्यालं माघारी देता येत न्हाय. कुनाचे पाय धरता येत न्हाईत. उद्यापासनं चार चांगली कामं करून दावतो म्हनावं, तर उद्याच न्हाय. हात जोडावं म्हनलं तर त्ये बी जमत न्हाय वो मामा! एक हात हिकडं, एक हात तिकडं. नुस्तं तोंड ऱ्हायलंय. तोंडानं म्हनला, मला इसरू नका. आन् तेवढ्यावर जमलं की! का जमलं, म्हाईत हाय का? येशूबाबाचे हात बी तसेच खिळल्याले. त्यो आपल्यासाटनं हात पसरून बसलाय, आन् ह्यो रिकामा. समद्या शुभवर्तमानात मला तेवढंच कळलंय."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली होती.

हात जोडता येत नाहीत. इतकी वर्षं मामांनी त्या चोराला, गहिवरून, आवाज कापरा करून, हात जोडायला लावले होते. खिळलेले हात! पाळकांनी ऐकलं, मंडळीने ऐकलं, कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्याही नाही. आणि हा भाकरीवाला दाराशी उभा राहून सांगत होता, जणू पाऊस वरून पडतो इतकं ते साधं होतं. बरोबरच होतं. हाताचं दुखणं हातावर जगलेल्यालाच ठाऊक. आधी फक्त वचन गेलं होतं; आता वचनाचा अर्थही त्याच्याच घरात निघाला.

"बरं आहे," ते म्हणाले. "जरा विस्कळीत आहे. असू दे. प्रभू सुचवेल तसं बोल."

"म्हंजे चालंल न्हवं?"

"चालेल."

कल्लप्पा खुशीत पायऱ्या उतरून गेला. रूथबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "काय सुंदर बोलला हो पोरगा." मामांनी त्या दिवशी कडक भाकरीला हात लावला नाही. मोडताना आवाज होतो, असं कारण सांगितलं.

उत्तम शुक्रवारी सोलापूर तव्यासारखं तापलं होतं. चर्चच्या दगडी भिंतींनीही हार खाल्ली होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत. समोर मधोमध लाकडी वधस्तंभ उभा, त्याच्या शेजारी माईक. सातही बोलणाऱ्यांनी पुढे बसायचं, पण मामा रूथबाईंशेजारी आपल्या नेहमीच्या बाकावर बसले होते. पुढच्या बाकावर केराबाई होती, आणि तिच्या पलीकडे कल्लप्पा. इस्त्रीचा नवा पांढरा शर्ट. दानम्मा मागे कुठेतरी पदर सावरत त्याच्या पाठीकडे बघत असणार.

बाराच्या ठोक्याला मामा उठले.

पहिल्या वचनावर त्यांनी चांगली तयारी केली होती. पण त्यांनी म्हटलं होतं तसंच झालं. लोक अजून येत होते. कुणी सलाम करत होतं, कुणी सरकत होतं, दोन बायका पंख्याचं बटण शोधत होत्या. क्षमा, क्षमा, क्षमा, मामा बोलत होते आणि सगळे बाक ठणठणीत कोरडे. आणि पुढच्या बाकावर तो नवा शर्ट, ओठ हलवत, मनातल्या मनात उजळणी करत. अजून थोडा वेळ, आणि हे सगळे पदर त्याच्यासाठी उचलले जाणार.

"पण ही क्षमा कुणाला?" मामा म्हणाले. "शिपायांना? गर्दीला? की दोन्ही अंगांना खिळलेल्या त्या दोघांनाही?"

इथे थांबता आलं असतं. मामांना ते कळत होतं. माईकवर आयुष्य काढलेल्या माणसाला बटण कुठे असतं ते नेमकं ठाऊक असतं.

"चोरापाशी काय असतं?" ते म्हणाले, आणि तो आवाज, मंगळवेढ्याला जायची ओढ लावणारा तो आवाज, पुरता उघडला. "हात! आणि त्याचे हातच खिळलेले आहेत. चोरलेलं परत देता येत नाही. कुणाचे पाय धरता येत नाहीत. बंधुभगिनींनो, त्याला हात जोडतासुद्धा येत नाहीत!"

चपला काढणारे दारातच थांबले. पंख्याच्या बटणाजवळच्या बायका वळल्या. मामांनी सगळं घेतलं. उद्या नाही, ते घेतलं. नुसतं तोंड राहिलं, ते घेतलं. येशूचेही हात तसेच, ते तर दोनदा घेतलं. पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग पाहायचं विसरले. एक पदर वर गेला, मग दुसरा, मग अख्खी डावी बाजू.

मामांनी कल्लप्पाकडे पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं.

सुरुवातीला कल्लप्पा मान डोलावत होता, परगावी आपल्या गावचा माणूस भेटावा तशा आनंदाने. मग मान हळू झाली. मग थांबली. आणि मग त्याचा उजवा हात सावकाश वर आला, आणि त्याने शर्टाचा वरचा खिसा चाचपला. स्टँडवर माणसं चाचपत तसा. पाकीट गेल्यावर चाचपत तसा.

चर्चमध्ये त्या हाताचा अर्थ दोघांनाच कळला. तिसऱ्या रूथबाई. मामा खाली येऊन बाकावर बसले. रूथबाईंनी मांडीवरची पिशवी उचलली आणि दोघांच्या मध्ये ठेवली.

गाणं झालं. कल्लप्पाला बोलावलं. तो माईकपाशी गेला, उभा राहिला, आणि नुसताच उभा राहिला.

"सलाम," तो अखेर म्हणाला. "मी जे आनलं हुतं त्ये आता माझ्यापाशी न्हाय."

लोकांना वाटलं, विसरला. केराबाई पुढून म्हणाली, "भिऊ नगंस रं बाबा. सुचंल तसं बोल."

"भ्यालो न्हाय, आक्का. रिकामा झालोय." त्याने हात पुढे करून तळवे दाखवले. "मग हितं येईपातुर इच्यार केला. त्यो चोर बी रिकामाच हुता की. येशूबाबानं त्याला इचारलं न्हाय, काय आनलंस म्हनून. म्हनला, चल, आजच्या आज. तवा मी बी रिकामाच आलोय. त्येनं घ्यावं. येवढंच हाय. आमेन."

आणि तो जाऊन बसला.

एकही पदर हलला नाही. कुणाला वेळच मिळाला नव्हता. पण आमेन म्हणायचंही कुणाला सुचलं नाही, आणि इतक्या माणसांत छताच्या पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. दुसऱ्या वचनाची बरीच मिनिटं शिल्लक होती. ती भरायला हवीत. पाळकसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना सुटका दिसली.

"शांतवनमामा," ते म्हणाले, "दुसऱ्या वचनावर तुम्हीच प्रार्थना करा."

म्हणजे दुसरं वचन शेवटी मामांकडेच आलं. हवं होतं तसं. माईकही, वेळही, आणि शांत बसलेली सगळी मंडळीही. मामा उठले. प्रार्थना काही शोधावी लागणार नव्हती. जिभेवर तयारच असे. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

"हे बापा," ते म्हणाले, "आम्हांला क्षमा कर. कारण आम्ही काय करतो हे आम्हांला..."

इथे आवाज अडकला. उभ्या नोकरीत कधी अडकला नव्हता. दोन गाड्या एकाच फलाटावर लागल्या, वीज गेली, स्टँडवर मारामारी झाली, तरी अडकला नव्हता.

"कळत होतं," मामा म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. माईक चालू होता.

"मला कळत होतं. मघाशी मी हातांचं बोललो. तुम्ही रडलात. ते माझं नव्हतं. कल्लप्पाने माझ्या घरी येऊन, विश्वासाने मला सांगितलं होतं. तो बोलायच्या आधी मी ते मारलं. वचन त्याला दिलं म्हणून मला हेवा वाटत होता. अजून वाटतोय. त्याला तुम्ही आमेन म्हणता त्याचासुद्धा."

पाळकसाहेब अर्धवट उठले आणि परत बसले. मामांनी आपल्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, आणि ते सोडले.

"पहिल्या वचनात न कळणाऱ्यांची सोय आहे. त्यात मी बसत नाही. मला आता ते चोराचंच लागेल. आणि ते यंदा कल्लप्पाकडे आहे."

पुढे आमेन म्हणायचं असतं, हे ते विसरले. पायरी उतरून खाली आले आणि मधल्या वाटेत थांबले. आपल्या बाकावर जावं, तर तिथे मध्ये पिशवी होती. दाराबाहेर जावं, तर सगळी मंडळी मधे बसलेली. आयुष्यभर दुसऱ्यांना कुठे जायचं ते सांगणारा माणूस तिथे उभा राहिला, आणि त्याला कुठे जायचं ते कळेना.

पुढच्या बाकावर कल्लप्पा सरकला.

"या की मामा," तो म्हणाला. कुजबुजला, पण त्याची कुजबुज दारापर्यंत जाई. "हितं जागा हाय."

केराबाई कुरकुरत आणखी थोडी सरकली. मामा बसले. पाळकीणबाई तिसऱ्या वचनाला उठल्या, पुस्तकांची पानं सळसळली. मामांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि रुमाल मागे रूथबाईंच्या पिशवीत होता.

कल्लप्पा त्यांच्या कानाशी वाकला. "मामा, पाकीट सांभाळा हं. शेजारी कोन बसलाय, बगा."

मामांचा हात आपसूक छातीवर गेला, डाव्या बाजूला.

"कळलं," कल्लप्पा म्हणाला. "कुटं हाय ते कळलं मला."